रौप्यविलेपित भोजनोपकरणे (व्हिक्टोरियाकालीन)

हलक्या धातूच्या गाभ्यावर चांदीचा पातळ थर चढवून तयार केलेले, नक्षीयुक्त दांड्यांचे चमचे, काटे, सुऱ्या, डाव, चिमटे इत्यादी मेजावरील साहित्य. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) या साहित्याचे कारखान्यांतून विपुल उत्पादन झाले, म्हणून त्यास हे कालवाचक नाव मिळाले आहे. पोकळ भांडी (चहादाणी, सुरई, पेले) आणि सपाट उपकरणे (चमचे, काटे) असा भेद या व्यवसायात केला जातो. सुऱ्यांचे पाते पोलादाचे असल्याने त्यांचा धंदा मुळात वेगळा होता. तथापि व्यवहारात तिन्हींचा संच एकत्रच विकला जाई. चांदीचे रूप आणि चांदीचे मोल यांची फारकत हे या साहित्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. इंग्लंडमध्ये या फारकतीमुळे मध्यमवर्गाचे मेज उजळले. उलट कोल्हापूरसारख्या मराठी संस्थानात, जेथे चांदी ही प्रथम संचित संपत्ती आणि शुद्ध धातू मानली जात होती, तेथे याच कारणामुळे हे साहित्य पाहुण्यांच्या दालनापलीकडे फारसे गेले नाही.

पूर्वपीठिका : यूरोपात सोळाव्या शतकापर्यंत बहुतेक लोक हाताने व सुरीने जेवत. काट्याचा वापर इटलीतून उत्तरेकडे पसरला. टॉमस कोरिएट या इंग्रज प्रवाशाने १६११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात इटालियनांच्या या सवयीचे कुतूहलाने वर्णन केले आहे. अठराव्या शतकात श्रीमंत घरांत चांदीच्या चमच्या-काट्यांचे संच रूढ झाले. इंग्लंडमध्ये प्रमाणित चांदीत हजारी ९२५ भाग शुद्ध चांदी असणे आवश्यक असे व तीवर शासनमान्य परीक्षणगृहाच्या मुद्रा उमटविल्या जात. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील परीक्षणगृहे १७७३ मध्ये स्थापन झाली. अशी चांदी म्हणजे अडीअडचणीस वितळवून पैसा करता येईल अशी ठेव होती. त्यामुळे ती मोजक्या कुटुंबांपुरतीच मर्यादित राहिली.

स्वस्त पर्यायाचा पहिला यशस्वी प्रयत्न शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर (१७०५–८८) याने केला. तांब्याच्या विटेवर चांदीचा पत्रा ठेवून तापविल्यास दोन्ही धातू एकजीव होतात व नंतर लाटल्यास एकाच प्रमाणात पसरतात, हे त्याला सु. १७४२ मध्ये आढळले. ‘शेफील्ड प्लेट’ या नावाने ही पद्धती प्रसिद्ध झाली. मात्र पत्रा कापताच कडेला तांबडी रेघ उघडी पडे. पोकळ भांड्यांत ती कड दुमडून अथवा चांदीची तार जोडून झाकता येई. चमच्या-काट्यांच्या बाबतीत हे अवघड होते. म्हणून शेफील्ड प्लेटचा उपयोग मुख्यतः तबके, दीपवृक्ष व चहादाण्या यांसाठीच झाला. सपाट उपकरणांस विजेची वाट पाहावी लागली.

विद्युत् विलेपन : व्होल्टा याच्या विद्युत् घटाचा उपयोग करून ब्रुन्यातेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये सोन्याचे विलेपन साधले होते, परंतु त्याचा धंद्यासाठी उपयोग झाला नाही. फॅराडे याने १८३३-३४ मध्ये विद्युत् विच्छेदनाचे नियम मांडले, तेव्हा निक्षेपित होणारा धातू व विद्युत् भार यांचे प्रमाण निश्चित झाले. बर्मिंगहॅम येथील जॉन राइट या शल्यचिकित्सकाला पोटॅशियम सायनाइडाच्या विद्रावातून चांदीचा दाट व चिकट थर मिळतो, असे आढळून आले. त्याचा शोध जॉर्ज रिचर्ड्‌स एल्किंग्टन (१८०१–६५) व हेन्‍री एल्किंग्टन या चुलतभावांनी विकत घेऊन १८४० मध्ये एकस्व मिळविले. १८४२ मध्ये लेखण्यांच्या टाकांचा प्रसिद्ध उत्पादक जोसाया मेसन (१७९५–१८८१) याचे भांडवल त्यांना लाभले. त्याच वर्षी पॅरिसच्या शार्ल क्रिस्तॉफ्ल (१८०५–६३) याने फ्रान्समधील हक्क मिळविले. विद्युत् घटांऐवजी चुंबकीय जनित्राचा वापर जॉन स्टीव्हन वुलरिच याने सुरू केला. उद्योगात वापरलेल्या अगदी आरंभीच्या विद्युत् जनित्रांत त्याच्या यंत्राची गणना होते.

या पद्धतीत विलेपनासाठी तयार केलेला चमचा ऋणाग्राला आणि शुद्ध चांदीची पट्टी धनाग्राला जोडतात. विद्युत् प्रवाह सुरू होताच पट्टीवरील चांदी विद्रावात उतरते व तितकीच चांदी चमच्यावर साचते. एक अँपिअर प्रवाहाने एका तासात सु. ४ ग्रॅ. चांदी बसते, म्हणून थराची जाडी कालावधीवरून ठरविता येते. पृष्ठभाग अगोदर क्षाराने व अम्लाने पूर्ण स्वच्छ केला नाही, तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. बाहेर पडणाऱ्या वस्तूला मंद पांढरा रंग असतो. झिलई मागाहून द्यावी लागते. हे काम शेफील्डमध्ये प्रामुख्याने स्त्रिया करीत. फिरत्या चाकावर तेल व वाळूच्या लगद्याने घासताना उडणाऱ्या काळ्या चिखलापासून बचाव व्हावा म्हणून त्या अंगाला तपकिरी कागद व डोक्याला रुमाल बांधीत. पाऱ्याच्या वाफेमुळे जुन्या मुलामेकाऱ्यांना जडणारे विकार नव्या पद्धतीने कमी झाले. परंतु त्यांची जागा सायनाइडासारख्या तीव्र विषाने घेतली.

गाभ्यासाठी योग्य धातूही याच सुमारास उपलब्ध झाला. तांबे, निकेल व जस्त यांच्या ‘जर्मन सिल्व्हर’ या मिश्रधातूचे उत्पादन जर्मनीत १८२३-२४ च्या सुमारास सुरू झाले. नावात ‘सिल्व्हर’ असले, तरी त्यात चांदीचा अंशही नसतो. चीनमध्ये अशा प्रकारचा मिश्रधातू फार पूर्वीपासून माहीत होता. हा मिश्रधातू कठीण व चांदीशी मिळत्याजुळत्या रंगाचा असल्याने वरचा थर झिजला तरी दोष चटकन दिसत नाही. कथील, अँटिमनी व तांबे यांचा ‘ब्रिटानिया धातू’ अधिक स्वस्त, पण मऊ होता. अनुक्रमे ‘ई. पी. एन. एस.’ व ‘ई. पी. बी. एम.’ ही आद्याक्षरे अशा वस्तूंवर ठोकलेली असतात. थराच्या जाडीचे कोणतेही कायदेशीर प्रमाण नव्हते. ‘ए-१’ यांसारख्या प्रती ज्या त्या कारखान्याने ठरविलेल्या असत.

आकृतिबंध व अलंकरण : चमच्याची घडण पुढील टप्प्यांनी होई : पत्र्यातून ओबडधोबड तुकडा कापणे, लाटून त्याचा एक भाग रुंद करणे, पोलादी ठशांच्या जोडीत दाबून दांड्यावर नक्षी उमटविणे, वाटीचा खोलगट आकार देणे आणि कडा घासणे. नक्षीचा सर्व खर्च ठसा कोरण्यात असे. ठसा एकदा तयार झाला की साधा चमचा व वेलबुट्टीचा चमचा यांच्या उत्पादनखर्चात फारसा फरक राहत नसे. व्हिक्टोरियाकालीन अलंकरणाच्या सुकाळाचे हे एक आर्थिक कारण होय. पूर्वी नक्षी हे कारागिराच्या श्रमाचे व पर्यायाने मालकाच्या ऐपतीचे चिन्ह होते. ठशामुळे तीही मुलाम्याप्रमाणेच सर्वांना परवडू लागली.

सारंगीच्या आकाराचा दांडा असलेला ‘फिडल’, शंख-शिंपले व पुष्पबंध असलेला ‘किंग्ज’, त्याचाच जवळचा प्रकार ‘क्वीन्स’, साधा गोल टोकाचा ‘ओल्ड इंग्लिश’ आणि मणिमालेची कड असलेला ‘बीड’ हे विशेष रूढ आकृतिबंध होत. १८४२ च्या कायद्यानुसार नव्या आकृतिबंधांची नोंदणी करता येऊ लागली. तेव्हापासून १८८३ पर्यंत नोंदलेल्या वस्तूंवर चौकटच्या आकाराची मुद्रा आढळते व तीवरील अक्षरांवरून नोंदणीची तारीख सांगता येते. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात एल्किंग्टनच्या वस्तूंची प्रशंसा झाली. तथापि यंत्रनिर्मित अलंकरणाच्या अतिरेकावर टीकाही झाली. ओएन जोन्स याने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अलंकरणविषयक ग्रंथात भारतीय नक्षीला आदर्श म्हणून स्थान दिले, तर क्रिस्टोफर ड्रेसर (१८३४–१९०४) याने जवळजवळ निरलंकृत, भौमितिक आकारांची रौप्यविलेपित भांडी रेखाटून आधुनिक अभिकल्पाची दिशा दाखविली.

भोजनाच्या पद्धतीतील बदलामुळे उपकरणांची संख्या वाढली. पूर्वी सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘रशियन’ पद्धतीने एकेक पदार्थ क्रमाने वाढण्याची चाल पडली व प्रत्येक पदार्थासाठी वेगळी सुरी, काटा वा चमचा आवश्यक ठरला. मासळीसाठी बोथट, रुंद पात्याची सुरी, शतावरीच्या कोंबांसाठी चिमटा, द्राक्षांचे घोस तोडण्यासाठी कात्री, लोणच्यासाठी आखूड काटा, फळांसाठी उठावदार नक्षीचे चमचे असे प्रकार निघाले. अंड्यातील गंधकामुळे व मिठातील क्लोराइडामुळे चांदी डागाळते, म्हणून अंड्याच्या व मिठाच्या चमच्यांच्या वाटीला सोन्याचा मुलामा देत. कोणते उपकरण केव्हा उचलावे याचे ज्ञान हीच एक सामाजिक कसोटी बनली. वस्तू स्वस्त झाल्याने पुसट होऊ पाहणारी वर्गरेषा शिष्टाचाराने पुन्हा ठळक केली.

भारत व कोल्हापूर : रौप्यविलेपित साहित्य भारतात प्रथम इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आले. लष्करी भोजनगृहे, रेल्वेची उपाहारगृहे, मोठी हॉटेले व संस्थानिकांचे राजवाडे हे त्याचे प्रमुख ग्राहक होते. कोल्हापूर संस्थानात इंग्रजी रीतिरिवाजांचा प्रवेश राजकीय घडामोडींतून झाला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला व तो १८६२ च्या तहाने छत्रपतींना परत मिळाला. तथापि १८६६ ते १८९४ या काळात गादीवरील छत्रपती बहुतेक वेळ अल्पवयीन वा असमर्थ असल्याने त्यांच्या शिक्षणाची व राजवाड्यातील व्यवस्थेची सूत्रे मोठ्या प्रमाणात इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रभावाखाली होती. राजाराम महाराज दुसरे (१८५०–७०) हे १८७० मध्ये इंग्लंडला गेले व परतताना फ्लॉरेन्स येथे निधन पावले. तेथे आर्नो नदीच्या काठी हिंदू पद्धतीने त्यांचे दहन करण्यात आले. त्यांची प्रवासातील दैनंदिनी कॅप्टन वेस्ट याने संपादून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. फ्लॉरेन्समधील त्यांच्या स्मारकावरील छत्री ज्या मेजर चार्ल्स मँट (१८३९–८१) याने योजिली, त्यानेच कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. या राजवाड्याचे बांधकाम १८७७ ते १८८४ या काळात झाले. शाहू छत्रपतींचे (१८७४–१९२२) शिक्षण राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व नंतर धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली झाले. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईच्या बंदरात उतरणारा विलायती माल कोल्हापुरात सहज पोहोचू लागला.

असे असूनही हे साहित्य मराठी घरांत रुजले नाही. याचे पहिले कारण आर्थिक आहे. मराठी कुटुंबात चांदी नव्हती असे नाही. संध्येची पळी व पंचपात्र, देवघरातील निरांजने, तान्ह्या मुलाचे बोंडले, उष्टावणाची वाटी, जावयाचे ताट आणि स्त्रियांच्या पायांतील तोडे व पैंजण या रूपांत ती ऐपतीप्रमाणे घरोघर असे. या वस्तूंची किंमत वजनावर ठरे व तीत घडणावळीचा भाग थोडा असे. गरज पडताच सोनाराकडे मोड घालून पैसे किंवा नवा दागिना मिळत असे. मुलाम्याच्या चमच्याची स्थिती नेमकी उलटी होती : त्याची जवळजवळ सगळी किंमत म्हणजे घडणावळ आणि मोड शून्य. पुढे चांदीचाच भाव कोसळला. १८७३ नंतर यूरोपीय देशांनी सुवर्णचलन स्वीकारल्याने व अमेरिकेतील नव्या खाणींच्या उत्पादनाने तो लंडनच्या बाजारात वीस वर्षांत सुमारे निम्म्यावर आला. रुपयाची किंमत सु. २ शिलिंगांवरून १८९२-९३ पर्यंत सु. १ शिलिंग ३ पेन्सांवर उतरली आणि १८९३ मध्ये भारतीय टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. त्यामुळे घरातील दागिन्यांची चांदी नाणे पाडून घेण्याचा मार्ग खुंटला व सामान्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव उणावली. तरीही लोकांचा ओढा भरीव चांदीकडेच राहिला. कारण भाव उतरला तरी तिचे वजन हाती उरत होते.

दुसरे कारण शुद्धीच्या कल्पनेत आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे नियम असून धातूची भांडी राख, माती, आंबट पदार्थ व पाणी यांनी शुद्ध होतात, असे सांगितले आहे. चांदीचे पात्र नक्षीविरहित असेल, तर ते केवळ पाण्याने शुद्ध मानले आहे. नक्षीच्या खाचांत उष्टे राहते, असा यामागील व्यवहारी विचार दिसतो. त्यामुळे किंग्ज आकृतिबंधाच्या शिंपल्या-फुलांनी भरलेला दांडा, जो इंग्रजी मेजाचे भूषण होता, तोच मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने गैरसोयीचा होता. शिवाय राखेने, मातीने वा रांगोळीच्या पुडीने रोज घासण्याची रीत भरीव चांदीला सोसते. मुलाम्याचा थर मात्र तिने काही काळातच उडतो. कांदा, लसूण व हिंग यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे चांदी लवकर काळवंडते, म्हणून घासणे टाळताही येत नाही. मुलाम्याची कल्पना मराठी घराला अपरिचित नव्हती. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणे नित्याचेच होते. परंतु कल्हई आंबट पदार्थ कळकू नयेत यासाठी होती, पितळ चांदीसारखे दिसावे यासाठी नव्हे. आणि कल्हईवाला दारी येऊन ती पुन्हा करून देई. विद्युत् विलेपन असे घरच्या घरी पुन्हा करता येत नसे.

तिसरे कारण सामाजिक होय. मेजावरचे जेवण म्हणजे भिन्न जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसून, परस्परांच्या हातची भांडी वापरणे होय. पुणे येथील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक इत्यादींविरुद्ध धर्मपीठाकडे तक्रार गेली व प्रायश्चित्ताचा प्रश्न उद्‌भवला. अशा वातावरणात विलायती कपबशी व चमचा या वस्तू उपयुक्ततेपेक्षा निष्ठेच्या खुणा ठरल्या. संस्थानिकांनी यातून दुहेरी व्यवस्थेचा मार्ग काढला : पाहुण्यांच्या दालनात इंग्रजी मेज व अंतःपुरात पाट-चौरंगाची पंगत. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये शाहू छत्रपती इंग्लंडला गेले. त्याच समारंभाला गेलेल्या जयपूरच्या माधोसिंग दुसरे यांनी चांदीची हजारो नाणी वितळवून घडविलेल्या प्रचंड गंगाजळ्यांतून गंगेचे पाणी बरोबर नेले होते. परदेशाच्या उंबरठ्यावरही चांदी ही प्रथम शुद्धीचे साधन कशी होती, याचे हे ठळक उदाहरण होय.

देशी कारागिरी : इंग्रज ग्राहकांसाठी भारतीय सोनारांनीही चमचे-काटे घडविले, पण ते बहुधा भरीव चांदीचे असत. कच्छमधील भूज येथील ओमरसी मावजी याची दाट पर्णनक्षी व मद्रासची देवदेवतांच्या आकृतींची ‘स्वामी’ शैली विशेष गाजली. पुणे येथेही असे काम होई. इंग्लंडमध्ये मात्र या वस्तूंवर औंसाला १ शिलिंग ६ पेन्स कर व सक्तीचे परीक्षण असल्याने तेथील बाजार त्यांना जवळजवळ बंदच होता. हा कर १८९० मध्ये रद्द झाला, तेव्हा कारखान्यातील मालाने बाजार व्यापलेला होता. विलायती नमुन्यांच्या अनुकरणाने भारतीय कारागिरीचा ऱ्हास होत असल्याचे जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) याने १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय औद्योगिक कलांवरील ग्रंथात मांडले. बर्डवुडचा जन्म कोल्हापूरजवळच्या बेळगावचा होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

कोल्हापूर परिसरातील चांदीकाम या अनुकरणापासून बरेचसे अलिप्त राहिले. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव विसाव्या शतकात चांदीच्या दागिन्यांचे देशभर प्रसिद्ध केंद्र बनले, ते पैंजण, साखळ्या, करदोटे यांच्या बळावर. तार ओढणे, कड्या जोडणे, डाक देणे, झिलई करणे ही कामे घरोघर विभागून केली जातात. ग्राहक चांदीचे वजन व घडणावळ वेगवेगळी मोजतो. या हिशेबात मुलाम्याला मुळी स्थानच नव्हते.

ऱ्हास व अवशेष : पहिल्या महायुद्धानंतर घरगुती नोकरांची संख्या घटली व उपकरणांचे मोठे संच घासून लखलखीत ठेवणे अशक्य झाले. शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये शोधलेल्या अगंज पोलादाने ना घासण्याची ना मुलाम्याची गरज ठेवली. पुढे याच पोलादाने महाराष्ट्रात कल्हईच्या पितळी भांड्यांचीही जागा घेतली. यूरोपीय भोजनोपकरणे ज्या वर्गभेदाची खूण होती, तोही बदलला. कोल्हापुरात या बदलाची खूण राजवाड्यातील मेजावर नव्हे, तर रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात दिसली. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थाने १९२० च्या सुमारास काढलेल्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात शाहू छत्रपतींनी स्वतः जाऊन चहा घेतला. भांडे कोणत्या धातूचे, यापेक्षा ते कोणाच्या हातचे, हा खरा प्रश्न असल्याचे त्यांनी कृतीने दाखविले.

अशा वस्तू ओळखण्यासाठी दांड्याच्या मागील मुद्रा प्रथम पाहाव्या लागतात. अस्सल चांदीच्या मुद्रांचा भास व्हावा म्हणून कारखानदार आपली आद्याक्षरे लहान ढालींत, एका ओळीत ठोकीत. परंतु चालत्या सिंहाची शासकीय मुद्रा त्यांत नसते. चमच्याच्या वाटीचा मेजावर टेकणारा भाग व काट्याची टोके प्रथम झिजतात आणि तेथे जर्मन सिल्व्हरची पिवळसर छटा दिसते. जुन्या वस्तूवर पुन्हा विलेपन केल्यास ती नवी दिसते, पण अगोदरच्या घासणीत नक्षीच्या कडा बोथट होतात व मुद्रा पुसट होऊन कालनिर्णयाचा पुरावा नष्ट होतो. मऊ कापडाने पुसणे व कोरड्या जागी कापडात गुंडाळून ठेवणे एवढेच जतनासाठी पुरेसे असते.

इतिहासाच्या दृष्टीने या वस्तूंचे महत्त्व त्यांच्या धातुमूल्याच्या अभावातच आहे. भरीव चांदीची मराठी ताटे, वाट्या व दागिने पिढीगणिक मोडीत निघाले आणि नव्या घडणीत विरून गेले. त्यांचे जुने नमुने दुर्मिळ झाले. मुलाम्याच्या चमच्याला मोड नसल्याने तो वितळविण्याचा मोह कोणाला झाला नाही. जी वस्तू ठेव म्हणून निरुपयोगी ठरली, तीच आपल्या काळाचा पुरावा म्हणून टिकून राहिली आहे.